चालताना हँडहेल्ड जीपीएसवर दिसणारं अंतर कितपत खरं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायी भटकणाऱ्यांकडून जीपीएसबद्दल जे प्रश्न येतात, त्यांतले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरतात: हँडहेल्डवरचा, म्हणजे हातात धरायच्या जीपीएस यंत्रावरचा, किलोमीटरचा आकडा. दोघं बरोबर चालतात आणि आकडे जुळत नाहीत. घरी येऊन फाईल उघडली की तिसराच आकडा दिसतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे क्रमाने दिले आहेत, सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. प्रत्येक उत्तर वेगळं वाचलं तरी चालेल, पण प्रश्न ३ मात्र जरूर वाचा. बाकीची निम्मी उत्तरं त्यावर उभी आहेत.

१. जीपीएस चालताना अंतर मोजतं तरी कसं?

त्याला मोजता येते ती फक्त जागा. अंतर हा त्यावरून केलेला हिशेब आहे. सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळेचा संदेश पाठवत असतात. तो पोचायला किती वेळ लागला, यावरून यंत्र प्रत्येक उपग्रहापासूनचं आपलं अंतर काढतं. किमान चार उपग्रह दिसले की अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळाची चूक या चारही गोष्टी सुटतात. वेळ मोजण्यात एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात सुमारे ३० सेंमीची होते. म्हणून काही मीटरची चूक ही जीपीएसच्या दृष्टीने मोठी गोष्ट नाही.

यंत्र साधारणपणे दर सेकंदाला अशी एक जागा काढतं. त्यातले काही बिंदू साठवतं, लागोपाठच्या दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ ओढतं आणि सगळ्या रेघांची बेरीज म्हणजे तुमचं अंतर. तुमचं पाऊल कुठे पडलं हे त्याला माहीत नसतं. बिंदू किती हलले आणि किती दूर दूर घेतले, यावर सगळं ठरतं.

२. पडद्यावर अचूकता ± ५ मीटर दिसते. मग १० किमी चालल्यावर चूक किती? प्रत्येक बिंदूला ५ मीटर धरली तर काही किलोमीटर होईल!

तशी बेरीज होत नाही. ± ५ हा आकडा जागेबद्दल आहे, आणि तोही यंत्राने स्वतःच केलेला अंदाज आहे. अँड्रॉइड फोनमध्ये त्याचा अर्थ असा: खरी जागा त्या त्रिज्येच्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे तीनांतल्या एका वेळी तुम्ही वर्तुळाबाहेर असू शकता. इतर यंत्रं हा आकडा आपापल्या पद्धतीने काढतात, त्यामुळे एकाचा ± ३ आणि दुसऱ्याचा ± ५ यांची तुलना करू नका.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की गोंधळ मिटतो. सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर हवं असेल, तर चूक फक्त दोन टोकांची. ती साधारण ७ मीटरच्या घरात येईल, मग टोकं १ किमीवर असोत की १०० किमीवर. हे काम जीपीएस उत्तम करतं. चाललेल्या वाटेची लांबी हवी असेल तर मात्र मधले शेकडो-हजारो बिंदू हिशेबात येतात आणि गणितच बदलतं.

३. जीपीएस अंतर जास्त दाखवतं की कमी?

दोन्ही. दोन चुका विरुद्ध दिशांना ओढत असतात आणि तुमच्या ट्रॅकवर, म्हणजे साठवलेल्या बिंदूंच्या रेघेवर, कोणती जिंकली ते परिस्थितीवर ठरतं.

पहिली चूक अंतर वाढवते. तुम्ही सरळ चालत असता, पण बिंदू थोडे डावी-उजवीकडे पडतात. सरळ रेघेच्या जागी नागमोडी रेघ येते आणि नागमोडी रेघ नेहमीच लांब असते. ताशी ५ किमी वेगाने माणूस सेकंदाला १.३९ मी पुढे जातो. दर सेकंदाला बिंदू घेतला आणि लागोपाठचे बिंदू एकमेकांपासून अर्धा मीटर आडवे सरकले, तर १.३९ मीटरच्या जागी १.४८ मी मोजले जातात. म्हणजे ६ टक्क्यांहून जास्त वाढ. १० किमीचे साडेदहाच्या वर झाले! तेच बिंदू दर १० सेकंदांनी घेतले, तर दोन बिंदूंमध्ये १३.९ मी असतात. आता आडवं सरकणं २ मी धरलं तरी वाढ जेमतेम १ टक्का होते.

दुसरी चूक अंतर कमी करते. बिंदू विरळ घेतले की वळणं छाटली जातात. ५ मी त्रिज्येचं इंग्रजी यू-सारखं वळण घ्या. चालणाऱ्याला ते १५.७ मी पडतं. पण नेमके त्याच्या दोन टोकांना बिंदू पडले, तर यंत्र सरळ १० मी मोजतं. चढावर ताशी ३ किमी वेगाने हे वळण पार करायला १९ सेकंद लागतात. म्हणजे २० सेकंदांच्या नोंदीत ते जवळपास पूर्ण बुडू शकतं. अशी वीस वळणं असलेल्या वाटेवर शंभराहून जास्त मीटर गायब होतात.

आता एक बारकावा, जो मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जीपीएसची चूक दर सेकंदाला नव्याने नाणं उडवल्यासारखी नसते. आत्ता बिंदू ४ मी पूर्वेला पडला असेल, तर पुढच्या सेकंदालाही तो साधारण तिकडेच ४ मी पडतो. चूक हळूहळू सरकते. त्यामुळे अख्खा ट्रॅक खऱ्या वाटेच्या शेजारून चालतो, पण त्याची लांबी फारशी बिघडत नाही. तसं नसतं तर काय झालं असतं? दर सेकंदाची चूक पूर्णपणे स्वतंत्र आणि दोन्ही दिशांना ३ मीटरची असती, तर तासभराच्या ५ किमी चालीला यंत्राने १९-२० किमी दाखवले असते. प्रत्यक्षात असं होत नाही, ते चूक सावकाश सरकते म्हणून, आणि यंत्रातलं गाळणारं गणित उरलेली थरथर दाबतं म्हणून.

थोडक्यात, ट्रॅक नकाशावरच्या वाटेपासून १० मी बाजूला दिसतो म्हणजे अंतर चुकलं असं नाही. ट्रॅक अगदी वाटेवर आहे पण करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, तर अंतर नक्की चुकलेलं आहे. झूम करून रेघेचा पोत बघायची सवय लावा.

४. मग ट्रॅकची नोंद किती सेकंदांनी ठेवू?

मोकळ्या आकाशाखाली, साधारण सरळ वाटेवर ५ ते १० सेकंद चालतात. खूप वळणं असतील आणि आकाश मोकळं असेल, तर १ ते ३ सेकंद. दाट झाडी असेल आणि वाट सरळ असेल, तर १० सेकंद. दाट झाडी आणि वळणंही, अशा जागी कोणताच आकडा धड नाही. तिथे मी ५ ठेवतो आणि उत्तर ४-५ टक्के इकडेतिकडे असेल हे मान्य करतो.

बऱ्याच हँडहेल्डमध्ये वेळेऐवजी अंतराने नोंद करायची किंवा 'ऑटो' अशी सोय असते. ऑटोमध्ये यंत्र वळणावर जास्त आणि सरळ भागात कमी बिंदू घेतं. चालणाऱ्यांसाठी ही बहुधा चांगली तडजोड आहे. तिच्यात 'जास्त वेळा' की 'कमी वेळा' असाही पर्याय असेल, तर जास्तीच्या बाजूला ठेवा. ५ मीटरपेक्षा कमी अंतराने नोंद मात्र टाळा. जागेची चूकच तेवढी असताना त्याहून बारीक नोंद म्हणजे थरथरीची नोंद.

बॅटरी वाचवणारे मोड वेगळे. त्यांत जीपीएस अधूनमधून बंद होतं आणि मधला भाग सरळ रेघेने किंवा पावलांच्या अंदाजाने भरला जातो. अनेक दिवसांच्या चालीत ते लागतात हे खरं, पण त्या ट्रॅकच्या लांबीवर भरवसा ठेवू नका.

५. एकाच यंत्रावर ट्रिप ओडोमीटर (चालता चालता अंतर मोजणारा आकडा) ११.४ किमी दाखवतो आणि सेव्ह केलेला ट्रॅक १०.८. खरं कोणतं?

दोन्ही आकडे एकाच चालीचे आहेत, पण वेगवेगळ्या वह्यांतले. ओडोमीटर आतल्या आत दर सेकंदाच्या माहितीवर चालतो, ट्रॅकची लांबी फक्त साठवलेल्या बिंदूंवरून निघते. त्यामुळे प्रश्न ३ मधली पहिली चूक ओडोमीटरला जास्त चिकटते आणि दुसरी ट्रॅकला. मोकळ्या जागी दोन्ही जवळ येतात, झाडीत आणि वळणांत फाकतात.

यात आणखी एक भर. लहरींच्या वारंवारतेत चालण्यामुळे होणारा सूक्ष्म फरक, म्हणजे डॉप्लर परिणाम, मोजून यंत्राला वेग थेट काढता येतो. हा वेग जागांच्या वजाबाकीतून काढलेल्या वेगापेक्षा खूपच स्थिर असतो. जी यंत्रं अंतरासाठी याचा वापर करतात, त्यांचा ओडोमीटर बराच विश्वासू असतो. पण अगदी हळू चालताना, धापा टाकत चार पावलं आणि एक थांबा अशा चढावर, काही यंत्रं तो वेग शून्य धरतात आणि तेवढं अंतर बुडतं.

माझा रिवाज असा: वळणावळणाच्या वाटेवर ट्रॅक हा खालचा अंदाज, ओडोमीटर हा वरचा. खरं उत्तर बहुतेक वेळा मध्ये असतं.

जुन्या काही हँडहेल्डमध्ये ट्रॅक 'सेव्ह' करताना तो ५०० बिंदूंपर्यंत छाटला जायचा. असं यंत्र अजून वापरत असाल, तर सेव्ह केलेल्या प्रतीऐवजी चालू ट्रॅकलॉग थेट संगणकावर घ्या.

६. जेवायला अर्धा तास बसलो. एक पाऊल टाकलं नाही, तरी अंतर वाढलं. का?

तुम्ही स्थिर होतात, बिंदू नव्हते. प्रश्न ३ मध्ये सांगितलेली सावकाश सरकणारी चूक अर्ध्या तासात बरीच फिरून येते, आणि नकाशावर त्या जागी लोकरीचा गुंता दिसतो. झाडाखाली किंवा कड्याला टेकून बसलात, तर तो गुंता काहीशे मीटरचा होऊ शकतो.

उपाय सोपा आहे: बसलात की नोंद थांबवा, उठलात की सुरू करा. सुरू करायला विसरणं हा यातला खरा धोका आहे, आणि मी स्वतः एकदा तीन तासांची उतरण अशी गमावली आहे. तेव्हापासून मी नोंद चालूच ठेवतो आणि घरी आल्यावर तो गुंता ट्रॅकमधून खुडून काढतो.

'ऑटो-पॉज', म्हणजे थांबलात की नोंद आपोआप थांबवणारी सोय, पळणाऱ्यांना बरी. चालणाऱ्याला ती महागात पडते, कारण अवघड टप्प्यावरची संथ चाल तिला थांबाच वाटते.

७. दाट जंगलात किंवा दरीत चूक का वाढते?

दोन कारणांनी. एक, आकाशाचा तुकडाच दिसतो, त्यामुळे मोजके आणि एकाच बाजूचे उपग्रह हाती लागतात. दोन, कडा, भिंत, ओली पानं यांवर आपटून आलेला संदेश उशिरा पोचतो आणि यंत्राला तो उपग्रह आहे त्याहून दूर वाटतो. अंतरासाठी हे दुसरं कारण जास्त घातक आहे. चार पावलं पुढे गेलं की परावर्तनाचा कोन बदलतो, आणि चूक सावकाश सरकायच्या ऐवजी उड्या मारते. उंच इमारतींच्या गल्लीतही हेच घडतं.

८. यंत्र कुठे आणि कसं धरावं?

आकाश दिसेल असं. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी असतं आणि पाणी या लहरी गिळतं. खिशात, पोटाशी किंवा सॅकच्या तळाला ठेवलेलं यंत्र अर्धं आकाश गमावतं. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, वरच्या बाजूला अडकवणं सगळ्यांत चांगलं. वर ठसठशीत दांड्यासारखा अँटेना असलेली यंत्रं उभी धरायची असतात, आणि सपाट चौकोनी अँटेना आत असलेली आडवी, पडदा आकाशाकडे करून. पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. तेवढं तरी वाचा.

९. चालू केल्या केल्या निघालो तर काय बिघडतं?

पहिल्या काही मिनिटांचा ट्रॅक बिघडतो. प्रत्येक उपग्रहाची नेमकी कक्षा सांगणारी माहिती उतरवून घ्यायला मोकळ्या आकाशाखालीही सुमारे ३० सेकंद लागतात, आणि ती काही तासांत शिळी होते. यंत्र बरेच महिने बंद असेल, तर सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादीही नव्याने घ्यावी लागू शकते. तिला साडेबारा मिनिटं लागतात. फिक्स मिळाला, म्हणजे यंत्राला जागा सापडली, तरी लगेच निघू नका. बुटांच्या नाड्या बांधेपर्यंत यंत्र उघड्यावर ठेवा, अचूकतेचा आकडा स्थिरावू द्या आणि मगच ओडोमीटर शून्यावर आणा. बरेच जण आधी शून्य करतात, आणि घरापासूनचा प्रवास त्यात मिसळतो.

१०. ढग आणि पाऊस यांनी फरक पडतो का?

ढगांनी नाही. पावसानेही नगण्य. भिजलेली झाडी मात्र अडवते (प्रश्न ७). वरच्या वातावरणातला विद्युतभारित थर संदेशाला उशीर करतो, आणि सूर्य जास्त सक्रिय असताना जागेची चूक वाढते. पण तो उशीर सावकाश बदलतो, त्यामुळे लांबीला त्याचा त्रास क्वचितच जाणवतो.

११. दोन फ्रीक्वेन्सीचं नवं यंत्र घेतलं तर अंतर अचूक येईल का?

जंगलात आणि दरीत, हो, फरक जाणवतो. जुनी नागरी यंत्रं एल-१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ ऐकतात. नवी त्याबरोबर एल-५ म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झही ऐकतात. एल-५ वरचा संकेत दहापट वेगाने बदलतो, त्यामुळे थेट आलेला संदेश आणि आपटून आलेला संदेश यांना वेगळं काढणं सोपं होतं. उड्या कमी झाल्या की लांबी सुधारते. उघड्या माळरानावर मात्र जुनं चांगलं यंत्र आणि नवं यंत्र यांच्या अंतरात तुम्हाला फारसा फरक दिसणार नाही.

जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू हे इतर देशांचे उपग्रह-समूह चालू ठेवावेत का? झाडीत नक्की ठेवा, उपग्रह जितके जास्त तितकं बरं. आणि वास (WAAS), एग्नोस, गगन यांसारख्या, जीपीएसला दुरुस्ती पुरवणाऱ्या पूरक यंत्रणा? त्या मुख्यतः सावकाश बदलणाऱ्या चुका काढतात. जागा सुधारते, लांबी फार थोडी.

१२. चढ-उताराचं जादा अंतर धरलं जातं का?

बहुतेक यंत्रं आणि नकाशे सपाट अंतर देतात, म्हणजे वरून पाहिल्यावर दिसेल ते. काहींत उतरंडीचं अंतर, म्हणजे 'थ्री-डी', निवडता येतं.

फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी असतो. सपाट १ किमीवर १० टक्के चढ असेल, तर प्रत्यक्षात १००५ मी चालणं होतं. २० टक्क्यांना १०२०, ३० टक्क्यांना १०४४. पूर्ण ४५ अंशांचा उतार असेल तरच १४१४. १० किमीच्या फेरीत ६०० मी चढ आणि तेवढाच उतार असेल, तर जादा अंतर सुमारे ७० मी. चढ एकाच खड्या टप्प्यात एकवटला असेल, तर थोडं जास्त. दमछाक ७० मीटरची नसते, दमछाक ६०० मीटर उंचीची असते. म्हणून "इतकं दमलो, अंतर एवढंच कसं?" या शंकेचं उत्तर अंतराच्या आकड्यात शोधू नका, चढाच्या आकड्यात शोधा.

थ्री-डी निवडायचंच असेल, तर हवेच्या दाबावर उंची मोजणारं यंत्र हवं. जीपीएसने काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते. तिची थरथर लांबीत शिरली, तर प्रश्न ३ मधलं ६ टक्क्यांचं गणित उभ्या दिशेनेही लागू होतं. मी ही सोय बंद ठेवतो.

१३. फोन, घड्याळ की हँडहेल्ड?

अमेरिकी सरकारच्या जीपीएस माहितीनुसार साधारण स्मार्टफोन मोकळ्या आकाशाखाली ४.९ मी त्रिज्येत जागा देतो. म्हणजे फोन वाईट नाही. त्याची अडचण अशी की तो खिशात असतो आणि बॅटरी वाचवण्यासाठी ॲपला मध्येच झोपवतो. घड्याळ हाताबरोबर झुलतं, पण त्यात हालचाल ओळखणारा संवेदक असतो आणि पावलांच्या हिशेबाने ते जीपीएसची थरथर सावरतं. काठ्या घेऊन किंवा हात खिशात घालून चाललात, की तो हिशेब बिघडू शकतो. पट्ट्यावर नीट अडकवलेलं हँडहेल्ड लांबच्या चालीला अजूनही मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं.

१४. आम्ही दोघं पूर्ण दिवस बरोबर चाललो. एकाचे १८.२, दुसऱ्याचे १८.९. कोणाचं यंत्र बिघडलंय?

कोणाचंच नाही. फरक ४ टक्क्यांच्या आत आहे. किती सेकंदांनी नोंद केली, यंत्र अडकवण्याची जागा, थांब्यावर कोणी नोंद बंद केली, फोटो काढायला कोण बाजूला गेलं, एवढ्यांतूनच तो येतो. एकाच मॉडेलची दोन यंत्रं शेजारी ठेवली तरी आकडे तंतोतंत जुळत नाहीत. १० टक्क्यांहून जास्त फरक आला, तर दोन्ही ट्रॅक एकावर एक ठेवून बघा. बहुधा एकात गुंता (प्रश्न ६) किंवा उडी (प्रश्न १७) सापडेल.

१५. तीच जीपीएक्स फाईल (ट्रॅक साठवलेली फाईल) दोन ठिकाणी उघडली तर अंतर वेगळं. फाईल बदलते का?

फाईल तीच राहते, बेरीज करण्याची रीत बदलते. कोणी रेघ आधी गुळगुळीत करतं, कोणी जवळचे बिंदू गाळतं, कोणी थांबे वगळतं, कोणी उंची मिसळतं. कोणी पृथ्वी गोल धरतं, तर कोणी ध्रुवांशी चपटी. या शेवटच्याने फार तर अर्धा टक्का फरक पडतो, बाकीच्यांनी कितीतरी जास्त. म्हणून दोन चालींची तुलना करायची असेल, तर दोन्ही फाईली एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

१६. मॅरेथॉनच्या मोजलेल्या मार्गावर चाललो, तरी यंत्र दर वेळी ४२.१९५ पेक्षा जास्त दाखवतं. मार्ग चुकीचा की यंत्र?

बहुधा दोन्ही बरोबर आहेत. असे मार्ग प्रमाणित सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला 'जोन्स काउंटर' नावाचं फेऱ्या मोजणारं उपकरण लावलेलं असतं. मोजणी होते ती शक्य तितक्या आखूड वाटेने, वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंमीवरून. वर, मार्ग चुकूनही आखूड भरू नये म्हणून दर किलोमीटरला १ मी वाढवून धरतात. म्हणजे पूर्ण मार्गावर ४२ मी आधीच जास्त.

गर्दीत तुम्ही त्या आखूड वाटेने जात नाही. काटकोनाचं एक वळण ५ मी बाहेरून घेतलं, की सुमारे ८ मी वाढतात. त्यात यंत्राची १-२ टक्के थरथर आली, की ४२.६ किंवा ४३ दिसणं स्वाभाविक आहे. प्रमाणित मार्गाची लांबी जीपीएसने तपासत नाहीत ती याच कारणाने.

१७. ट्रॅकमध्ये मध्येच एक बिंदू ३०० मीटर लांब गेलाय. बोगद्यात तर सरळ रेघच आहे. काय करू?

लांब गेलेला तो एक बिंदू पुसा. जाऊन-येऊन ६०० मी कमी होतील. बोगद्यात फिक्स जातो आणि बाहेर आल्यावर दोन टोकं सरळ जोडली जातात. बोगदा सरळ असेल तर ते अंतर बरोबरच आहे, वळणदार असेल तर कमी आहे.

१८. माझं यंत्र किती चुकतं ते कसं तपासू?

४०० मीटरच्या धावपट्टीवर. सर्वांत आतल्या लेनमध्ये, आतल्या कडेपासून ३० सेंमीवरून चाला. ४०० मी हे अंतर त्याच रेषेवर धरलेलं असतं. आठव्या लेनमध्ये चाललात तर एक फेरी ४५३ मी होते आणि तुम्ही निर्दोष यंत्राला दोष द्याल. एक फेरी पुरेशी नाही, दहा करा. दहा फेऱ्यांचे ४.०८ किमी दिसले, तर तुमचं यंत्र तिथे २ टक्के जास्त दाखवतं. नोंद १ सेकंदावर आणि १० सेकंदांवर ठेवून दोन्ही वेळा करा. दोन चुकांची ओढाताण स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

हा २ टक्क्यांचा आकडा जंगलाला लावू नका. तिथे वळणं, झाडी, वेग, सगळंच वेगळं असतं.

१९. जमिनीच्या तुकड्याभोवती चालून क्षेत्रफळ काढलं तर चालेल का?

ढोबळ अंदाजाला चालेल, हद्दीच्या वादाला नाही. १०० मी × १०० मीटरच्या तुकड्याभोवती तुम्ही सगळीकडून १ मी बाहेरून चाललात, तर क्षेत्रफळ ४ टक्के वाढतं. तुकडा जितका लहान, तितकी ही चूक मोठी. अख्खा ट्रॅक एकाच दिशेला सरकला असेल, तर मात्र क्षेत्रफळ बिघडत नाही. प्रत्येक कोपऱ्यावर मिनिटभर थांबून वेपॉइंट (एका जागेचा साठवलेला बिंदू) घ्या, चालत्या ट्रॅकपेक्षा ते बरं. सरकारी मोजणीला सर्वेक्षकच हवा.

२०. डेटम चुकीचं निवडलं होतं. सगळ्या चालींची अंतरं फुकट गेली का?

नाही. डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो पृथ्वीचा ठरीव आराखडा. तो चुकीचा असला तर नकाशावरची जागा शेकडो मीटर सरकू शकते, पण सगळे बिंदू एकत्रच सरकतात, म्हणून लांबी जवळपास तीच राहते. एकक मात्र तपासा. साधा मैल १.६०९ किमीचा, सागरी मैल १.८५२ किमीचा, आणि काही यंत्रांत ते एकाखाली एक असतात.

२१. जुन्या पुस्तकात लिहिलंय की जीपीएस १०० मीटर चुकतं. खरं का?

तेव्हा खरं होतं. नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक २ मे २००० पासून बंद झाली. त्याआधीचे सल्ले आता लागू नाहीत.

२२. मग वाटेचं खरं अंतर असं काही असतं तरी का?

हा प्रश्न एका शाळकरी मुलीने पाठवला होता आणि तो सगळ्यांत चांगला आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं की देशांच्या सीमांची लांबी मोजपट्टीवर ठरते: मोजपट्टी आखूड घ्यावी तशी लांबी वाढत जाते. पायवाटेचंही तसंच आहे. दगड चुकवत टाकलेलं प्रत्येक पाऊल धरलं तर एक लांबी, वाटेच्या मध्यावरून दोरी टाकली तर दुसरी, नकाशावरच्या रेघेची तिसरी. किती सेकंदांनी नोंद करायची हे निवडताना तुम्ही खरं तर मोजपट्टी निवडत असता. म्हणून दुसऱ्याला अंतर सांगताना ते कशाने आणि किती सेकंदांच्या नोंदीने मोजलं, हेही सांगावं.

२३. आमच्या गटासाठी वाटेचं अंतर लिहून ठेवायचंय. किती नेमकं लिहू?

दशांशाचं एक घर पुरे. यंत्र १२.३७ दाखवत असेल, तर "सुमारे १२.४ किमी" लिहा. शेवटचा ७ म्हणजे ७० मी, आणि १२ किमीत तेवढी खात्री कोणालाच देता येत नाही. जमल्यास तीच वाट दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी मोजा आणि मधला आकडा घ्या. सोबत एकूण चढ आणि लागलेला वेळ लिहा. पाणी कुठल्या टप्प्यावर मिळतं हे लिहायचं असेल, तर तिथलं अंतर न लिहिता वेपॉइंट द्या. अंतर २०० मीटरने चुकलं तर माणूस ते पाणी ओलांडून पुढे जाईल, वेपॉइंट मात्र त्याला काही मीटरवर आणून सोडेल.